नळाचं तोंड

“माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा बाबा. कुणाच्या ताटातलं मी ओढून घेतलं?”

फकिराच्या तकियाच्या ओट्यावर उकिडवे बसून दस्तगीरबाबा नळाखालच्या घागरीकडं बघत होते. करंगळीएवढी धार पडत होती.

विरूपाक्षअप्पा पायरीशी उभे होते. एरवी शहरात त्यांना कुणी उभं ठेवत नसे. महापालिकेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. आज मात्र त्यांना बसायचंही सुचत नव्हतं.

त्यांची लेक गौरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासू म्हणत होती, इथंच राहू दे, आमच्याकडं सगळी सोय आहे. अप्पांनी ऐकलं नाही. गाडी पाठवून तिला आणलं. महिन्याभरात पोरीचे डोळे पिवळे झाले. आता ती दवाखान्यात होती आणि माणूस ओळखत नव्हती. डॉक्टर आईचं सांगत नव्हते, बाळाचंही सांगत नव्हते.

अप्पांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून ओट्यावर ठेवली.

“फुंकून द्या. तिच्या ओठाला लावतो.”

अप्पांचं लहानपणापासून असंच चालत आलं होतं. ताप आला, परीक्षा आली, निवडणूक आली, की तकियावर यायचं आणि बाबांकडून पाणी फुंकून न्यायचं. तेव्हा आई घरचा तांब्या भरून आणायची.

बाबांनी बाटली उचलली, फिरवून बघितली. झाकणाचं सील तसंच होतं.

“विकतचं आणलंस.”

“हो.”

“घरचं नाही आणलंस?”

अप्पा आपल्या पायांकडं बघत राहिले...

“तुझ्या गल्लीतली माणसं अजून तांब्याच आणतात,” बाबा म्हणाले. “परवा भिवा न्हाव्याची सून आली होती. सासऱ्याला जुलाब लागलेत म्हणाली. मी फुंकून दिलं. काय दिलं मी तिला... ते आता मलाच कळत नाही.”

बोलण्यात ठपका नव्हता. म्हणूनच अप्पांना ते जास्त लागलं.

“बाबा, मी पाणीपट्टी वाढू दिली नाही. एकदासुद्धा. आयुक्त आले नि गेले, सगळ्यांचं एकच रडगाणं. पाइप आजोबांच्या काळचे आहेत, काढा. गटारं ढासळलीत, बांधा. पट्टी वाढवा. मी म्हणालो, माझ्या गरिबाच्या डोक्यावर बोजा नको. लोकांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं. हे पाप झालं?”

“आठवतंय की. गुलालानं माखून आला होतास इथं. पेढ्यांचा पुडा घेऊन.”

“तुम्ही पाठ थोपटलीत माझी.”

“थोपटली.” बाबांनी मान हलवली. “पेढाही खाल्ला... गोड होता.”

धार बारीक झाली, थेंबाथेंबावर आली, तुटली. घागर अर्धीच भरली होती.

खाली गल्लीत एकेका घरातली मोटार घरघरू लागली. पाइपात उरलंसुरलं पाणी जो तो आपल्याकडं ओढत होता. तकिया उंचावर. इथलं पाणी सगळ्यांच्या आधी जायचं.

मग नळातून बारीक सुस्कारा ऐकू आला.

बाबांनी गळ्यातल्या हिरव्या दोऱ्याचं टोक नळाच्या तोंडाशी नेलं. टोक थरथरलं आणि आत ओढलं गेलं. त्यांनी ते हलकेच सोडवून घेतलं.

“बोट लाव.”

“बाबा, माझी पोर तिकडं...”

“लाव.”

अप्पांनी वर येऊन, वाकून नळाला बोट लावलं. कातडी आत खेचली गेली.

“ओढतोय?”

“ओढतोय.”

“नीट दाब. वारा जाऊ देऊ नकोस.”

अप्पांनी दाबलं. सुस्कारा बंद झाला.

“मोटारी थांबल्या?”

अप्पांनी कान दिला. खालची घरघर चालूच होती.

“नाही.”

“मग आता कुठनं ओढतोय?”

अप्पांची नजर पाइपावरून खाली गेली. गंजलेला पाइप पायऱ्यांच्या कडेनं गल्लीत उतरत होता आणि तिथं गटारात शिरत होता. गटाराची भिंत कधीच पडली होती. काळ्या पाण्यात बुडालेला तो पाइप तसाच पुढं जाऊन अप्पांच्या घरात, स्वयंपाकघरात निघत होता. हे त्यांना रोजचं ठाऊक होतं. रोज ते त्याच गटारावरून गाडीत चढायचे.

पाइपाच्या जोडाजवळ, काळ्या पाण्यावर, एक लहानसा भोवरा फिरत होता.

अप्पा बघत राहिले. भोवरा थांबेना.

“बाबा... गौरा...”

बाबांनी बाटलीचं सील तोडलं. डोळे मिटले. ओठ हलले. म्हातारपणानं दम पुरत नव्हता, तरी त्यांनी तीनदा फुंकर घातली. झाकण लावून बाटली अप्पांच्या मोकळ्या हातात दिली, त्यांची बोटं तिच्याभोवती मिटवली.

“वाचेल का हो?”

बाबा गटाराकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

अप्पांच्या दुसऱ्या हाताचं बोट अजून नळावरच होतं. दाबून दाबून पांढरं पडलं होतं.

बाबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“बोट काढ अप्पा. इथनं आत निदान वाराच जातो.”