बगळेमहाराजांचा गाऱ्हाणे-दरबार

एक होतं तळं. तळ्यात पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, आणि त्या आभाळात एका पायावर उभे राहून बगळेमहाराज राज्य करत होते.

महाराज मोठे उदार. बेडकांच्या तोंडाला त्यांनी कधी कुलूप घातलं नाही. उलट रोज दरबार भरे. "बोला प्रजाजनहो, मोकळ्या गळ्यानं बोला!" जो बोले त्याचं गाऱ्हाणं महाराज जातीनं पोटात घेत. गाऱ्हाणेकऱ्यासकट.

त्या काळी बेडक्या गात,

तळ्याच्या काठी बाई, पांढरा जोगी उभा
दुःख सांगाया बोलावी, भरवी रोज सभा

गाणाऱ्या गेल्या. ज्यांचा आवाज जन्मतःच बसका, त्या चिखलात उरल्या. अंडी त्यांनी घातली. त्यांच्या पिल्लांतही जी बसक्यांतली बसकी, तीच वाढली. पिढ्या लोटल्या आणि तळं मुकं झालं.

"प्रजा समाधानी आहे!" मंत्री खेकडोजींनी जाहीर केलं.

बगळ्यांतही बदल झाला. गाऱ्हाणं संपेपर्यंत ज्याची मान थांबे, तो उपाशी मरे. म्हणून गादीवर येणाऱ्या प्रत्येक महाराजाची मान मागच्याहून चपळ. हल्लीच्या महाराजांची तर पहिल्या शब्दालाच सुटायची.

पण समाधानी प्रजा सापडेना. महाराज वाळून काठी झाले. शेवटी त्यांनी तळ्याच्या बांधाला भोक पाडलं. पाणी ओसरलं की मासे उथळात मिळतात.

पाणी ओसरू लागलं. भागी बेडकीची धाकटी पिल्लं अजून शेपटीचीच होती, पाय फुटायचे होते. पाणी आटलं तर ती चिखलातच वाळणार. थोरली टिवली मात्र पायांची झाली होती, आणि कोण जाणे कशी, गळा घेऊन जन्मली होती.

"आई, मी दरबारात सांगते."

"गप बस, भवाने," भागी कुजबुजली.

"महाराज विचारतात ना?"

"विचारतात गं. पण ज्यांनी सांगितलं, त्यांना पोरंबाळं झाली नाहीत. आपण सगळी न सांगणाऱ्यांची लेकरं."

"आणि ही?" टिवलीनं पाण्यातल्या शेपट्यांकडे बघितलं. भागीनं लेकीचं बोट सोडलं.

टिवली कमळाच्या पानाखालून ओरडली, "महाराज, बांधाला भोक!"

दरबार दचकला. महाराजांची मान सुटली, पण चोच पानावर आपटली. कित्येक पिढ्यांनंतर पहिलं गाऱ्हाणं आलं आणि तेही निसटलं! महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"काय म्हणाली ती? मंत्री, नीट ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांगा!"

खेकडोजी आयुष्यभर तिरके चालले होते. पण हुकूम म्हटल्यावर ते सरळ पुढे आले, नांगी छातीवर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, बांधाला भो..."

मान सुटली.

नांगी मात्र घशात आडवी गेली. महाराज खोकू लागले, पंख आपटू लागले. तेवढ्यात भागीनं चिखलाचा गोळा उचलला. मग शेजारणीनं. मग सगळ्यांनी. कुणी घोषणा दिली नाही, कारण कुणाला देताच येत नव्हती. नांगी पोटात उतरेपर्यंत भोक बुजलं होतं, आणि शेपटीची पिल्लं पाण्यात होती.

नव्या मंत्र्यांसाठी मुलाखती झाल्या. ज्या उमेदवारांनी "नमस्कार महाराज" म्हटलं, ते परत आले नाहीत. गोगलगाय काहीच बोलली नाही. तिची नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवशी काठावर भलामोठा फलक लागला. बांधाचं भोक बुजवल्याबद्दल कार्यसम्राट बगळेमहाराजांचे जाहीर आभार. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या बेडकांचे फोटो, कुणालाही न विचारता. टिवलीचाही होता, हसरा.

भोक कुणी पाडलं, हे लिहायला तेवढी जागा उरली नव्हती. महाराजांचा फोटो मोठा होता.