बैलाविना घाणा

एकदा एक तेलघाणेवाला आपल्या जुन्या गुरुजींकडे साक्षीची सही मागायला आला. नवराबायकोने समजुतीने काडीमोड घ्यायचे ठरवले होते. पंचांनी घराची किंमत ठरवली आणि निम्मा हिस्सा बायकोचा, असा निवाडा दिला.

"घर मी परक्याच्या हाती जाऊ देणार नाही," तो म्हणाला. "तिचा हिस्सा रोख चुकता करतो. थोडी शिल्लक आहे. बाकीसाठी बैल आणि करडईची पोती विकीन. तसा हा करारनामा लिहून आणलाय."

गुरुजींनी कागद वाचून घडी घातली. "उद्या सकाळी येतो. एक घाणी तेल काढून दाखव, मग सही करतो."

सहीचा आणि तेलाचा काय संबंध? वाटभर त्याला हे कोडे सुटेना.

सकाळी त्याने घाण्यात करडई ओतली, बैल जुंपला, त्याच्या डोळ्यांवर झापड बांधली. तोच गुरुजी पुढे झाले. त्यांनी झापड सोडली, जू उतरवले, बैल बाहेर फाटकाला नेऊन बांधला.

"हं, चालू दे."

"पण गुरुजी, बैल?"

"तो तू विकलास ना?"

गुरुजींचा शब्द कसा मोडायचा? त्याने जू स्वतःच्या खांद्यावर घेतले. चौथ्या फेऱ्याला पाय लटपटले. तेलाचा थेंब नाही.

ओटीवर बायको आपले सामान बांधत होती. ती म्हणाली, "बैलाला निदान पेंड तरी मिळायची हो!"

त्यालाही हसू फुटले आणि तो मटकन खाली बसला.

"पंचांनी काढलेली किंमत रास्त आहे," गुरुजी म्हणाले. "तिचा हिस्सा तिला मिळायलाच हवा. पण ज्याच्या बळावर घर चालते, तेच विकून तू घर राखतो आहेस. उद्या कौले फुटतील, घरपट्टी येईल. तेव्हा काय विकशील?"

"लोक म्हणतील, बायको गेली नि घरही गेले."

"ते लोक घाणा ओढायला येतील का?"

त्याने जमिनीवर पडलेली झापड उचलून खुंटीला अडकवली. मग बायकोला म्हणाला, "तो किराणेवाला घर मागत होता. त्याला बोलावू? निम्मे तुझे, निम्मे माझे. घाण्यापुरते छप्पर मी भाड्याने बघतो."

"बोलवा," ती म्हणाली. "आणि आधी बैलाला पाणी दाखवा. उन्हात उभा आहे."

गुरुजींनी सही न करता कागद परत दिला. तो घेऊन, दुसऱ्या हातात बादली धरून, घाणेवाला फाटकाकडे गेला.

एखादी वस्तू राखण्याचा हट्ट धरावा. पण ती कशाच्या बळावर राखणार, तेही एकदा पाहून घ्यावे.