न उघडलेला अंक

एका बाजारगावात मुरलीधर नावाचा एक घड्याळजी राहत होता. गाव त्याला मुरलीअण्णा म्हणे. पन्नाशी उलटली तरी अण्णांचा चित्रकथांचा नाद सुटला नव्हता. एस.टी. स्टँडवर हसीनाभाभींचा पुस्तकांचा स्टॉल होता. शनिवारी तिथे नवे अंक आले की अण्णा हातातलं काम टाकून धावत. बाकावर बसून अंक वाचत आणि मग ऐटीत मत देत. त्यांनी वाहवा केली की अंक हातोहात जाई. त्यांनी नाक मुरडलं की त्याला कोणी शिवत नसे.

एका शनिवारी दोन अंक आले. एक महावीर ‘पोलादी पंख’ याचा, अण्णांचा लाडका. दुसरा अगदी नवा, ‘उठलेली मढी’.

अण्णांनी पहिला अंक मन लावून वाचला आणि म्हणाले, “फक्कड!” दुसऱ्याचं नुसतं मुखपृष्ठ पाहिलं. “मेलेल्यांनी उठायचं आणि जित्यांना चावायचं. यात कसली आलीय गोष्ट?” त्यांनी अंक बाजूला सारला. जमलेल्या सगळ्यांनीही आपापल्या हातातला अंक खाली ठेवला.

हसीनाभाभींचा चेहरा पडला. “अण्णा, चित्रं काढणारी पोरगी नवखी आहे. हा अंक कोणी वाचला नाही, तर पुढचा निघायचा नाही. वाचलात का तुम्ही?”

“शितावरून भाताची परीक्षा, भाभी!”

“तुम्ही तर झाकणसुद्धा उघडलं नाहीत.”

लोक खो खो हसले. अण्णांना ते झोंबलं. शंभर चुका काढून दाखवतो, असं म्हणत त्यांनी तो अंक काखेत मारला आणि दुकान गाठलं.

पहिल्या चार पानांत त्यांना दोन चुका सापडल्या. पाचव्या पानावर एक मेलेले मास्तर उठून शाळेत आले आणि हजेरी घेऊ लागले. अण्णांना खुदकन हसू फुटलं. पुढे मढ्यांची झुंड गावावर चालून आली. सगळे पळाले. म्हातारी सुईण तेवढी वेशीत उभी राहिली. यातल्या प्रत्येकाला तिनेच जन्माच्या वेळी हातात झेललं होतं. ती एकेकाला नावाने हाक मारू लागली, आणि हाक ऐकली की एकेक मढं लहान मुलासारखं खाली बसू लागलं. अण्णांचे डोळे भरून आले. चुका मोजायचं ते विसरूनच गेले.

आता पंचाईत झाली. गप्प बसावं, तर अंक बुडणार. बोलावं, तर आपली पत जाणार. आठवडाभर अण्णांना जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या शनिवारी ते बाकावर उभेच राहिले. “मंडळी, गेल्या खेपेला मी न वाचताच बोललो. माझं चुकलं. ‘उठलेली मढी’ झकास आहे! आणि खरं सांगू? आपला पोलादी पंख तीन महिने नुसत्या भिंती पाडतोय. लाडका म्हणून मी डोळेझाक केली.”

“मग अण्णा, तुमच्या मतावर विसंबायचं कसं?” निवृत्त कंपाउंडर तुकाराम शेलार यांनी विचारलं.

“विसंबूच नका. वाचा आणि माझ्याशी भांडा!”

एकच हशा पिकला. दुपारपर्यंत स्टॉलवर त्या अंकाची एकही प्रत उरली नाही. संध्याकाळी शेलार तावातावाने परत आले. “अण्णा, मास्तरांचा प्रसंग ठीक, पण शेवट मला मुळीच पटला नाही!”

आजवर अण्णांचं म्हणणं कोणी खोडून काढलं नव्हतं. त्यांना कोण आनंद झाला! ते बाकावर सरकून बसले आणि म्हणाले, “या, बसा. भाभी, दोन चहा सांगा. हं, बोला, का नाही पटला?”

तात्पर्य: वाचल्यावाचून मत देऊ नये, आणि दिलंच असेल, तर चूक चारचौघांत कबूल करावी. त्याने मान कमी होत नाही, उलट गप्पांना सोबती मिळतात.