टाचेमागची गाठ

फार पूर्वी नदीच्या वळणावरच्या एका गावात एक वस्ताद राहत होता. त्याला मूलबाळ नव्हते. तालीम हेच त्याचे घर आणि तिथली पोरे हीच त्याची माणसे. त्यांतल्या बिरूवर त्याचा फार जीव. मरताना एका धनगराने हे लहानगे पोर त्याच्या हवाली केले होते. आता तेच गावातला पहिला पैलवान झाले होते.

वस्तादाचे हात गावात नावाजलेले होते. कुणाचे अंग आखडले की तो तेलाची वाटी घेऊन बसे, मांसात बोटे फिरवी आणि गाठ लागली की अंगठ्याने दाबून दाबून ती विरघळवी. "गाठ अंगात राहू द्यायची नाही," असे तो म्हणे. पोरे ओरडत, पण दुसऱ्या दिवशी हलकी होऊन जोर काढत.

एका वर्षी पावसाळा सरता सरता बिरूची टाच दुखू लागली. पोटरी जिथे निमुळती होते आणि टाचेकडे जाणारी जाड शीर लागते, तिथे बोराएवढी गाठ आली होती.

"एवढंच ना?" वस्ताद म्हणाला. "जत्रेतल्या कुस्त्यांच्या आत घालवतो."

तो रोज सकाळी गाठ चोळू लागला. बिरू दात आवळून पालथा पडून राही. पण ही गाठ विरेना. उलट बिरू लंगडू लागला. तेव्हा वस्तादाने शेजारच्या गावाहून हाडवैद्य म्हातारीला बोलावणे पाठवले.

म्हातारीने शिरेवरून हलकेच एक बोट फिरवले.

"हिला कोण चोळतंय?"

"मी. दुसरं कोण?"

"मग थांबवा. हे मांस नव्हे."

"आजी, पैलवानाच्या अंगात मांस नाही तर काय कणीक असते?" वस्ताद म्हणाला. पोरे हसली.

म्हातारीही हसली. "मांस आहे की, आणि तेही तीन तऱ्हांचं. एक हातापायांचं, तुमच्या हुकमातलं. दुसरं पोटातलं, ते तुम्हाला न विचारता खाल्लेलं पुढं सरकवतं. तिसरं हृदयाचं, ते जन्मापासून घटकाभर बसलेलं नाही. पण नुसतं मांस काय करील? त्याला जोडणारी, धरणारी दुसरी मंडळी लागतात. हाड आहे, कानात असते तशी लवचीक कूर्चा आहे, कातडीखालची चरबी आहे. सगळीकडं फिरणारं रक्तसुद्धा त्याच गोतातलं. आणि ही पांढरी दोरी. पोटरीचं मांस ओढतं आणि ही दोरी ती ओढ टाचेच्या हाडापर्यंत नेते. मांसाला रक्त भरपूर, ते लवकर भरून येतं. हिच्या वाट्याला फार थोडं येतं. ही झिजली की अंग सावकाश तिथं नवे धागे घालतं."

"मग ही गाठ?"

"तेच ते धागे. आजार समजून तुम्ही रफू उसवताय, वस्ताद."

वस्तादाने हळूच विचारले, "जत्रेत उतरेल का?"

"आंब्याला मोहोर येईपर्यंत कुस्ती नाही, धावणं नाही. ऐकलंत तर पोर पुन्हा लढेल."

म्हातारी गेली. बिरू वस्तादाकडे बघत होता. "तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला.

जत्रा तोंडावर आली होती. नदीपलीकडचे लोक आत्ताच म्हणू लागले होते, की वस्तादाचा वाघ आजीबाईच्या मांडीवर बसला. ते वस्तादाला सोसवेना.

"त्या म्हातारीनं जन्मभर मोडकी माणसंच बघितलीत," तो म्हणाला. "तिला पैलवान काय कळणार?"

त्याने तेल कोमट केले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ, जास्त जोराने गाठ चोळली. रोज चोळली. जत्रेच्या आदल्या दिवशी गाठ बोटाला लागेनाशी झाली.

"बघ, गेली!" वस्तादाला केवढा आनंद झाला. बिरूही हसला.

जत्रेत बिरूने नदीपलीकडच्या पैलवानाच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलण्यासाठी पाऊल मातीत रोवले. त्याच क्षणी वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बिरू खाली बसला आणि त्याने मान मागे वळवली.

"वस्ताद, मला मागनं कुणी लाथ मारली?"

त्याच्या मागे एकटा वस्ताद उभा होता.

म्हातारी पुन्हा आली. दोरी तुटली होती. तिची विसविशीत टोके एकमेकांपासून दूर गेली होती आणि ओढायला काही न उरलेले पोटरीचे मांस गुडघ्याकडे गोळा झाले होते. तिने पाऊल बांधले.  

त्या पायात पुन्हा रेटा आला नाही. मांसाला काम उरले नाही, तशी पोटरी वाळत गेली. बिरू काठी टेकत चालू लागला.

एके दिवशी वस्तादाने त्याला विचारले, "मी चोळायचो तेव्हा जीव जात असेल रे तुझा. एकदा तरी 'थांबा' का नाही म्हणालास?"

बिरू म्हणाला, "तुमचे हात होते, वस्ताद."

त्यानंतर वस्तादाने कुणाच्याच अंगाला हात लावला नाही. पोरे तेलाची वाटी घेऊन येत, त्याच्यासमोर उभी राहत आणि तशीच परत जात.

तात्पर्य एवढेच: भरून येणारी जखम कधीकधी दोषासारखी दिसते. ओळखता येत नसेल तर निदान हात आवरावा, कारण मायेने केलेली घाईसुद्धा मोडून टाकते.