नवरी बोलेना

पंच कमिटीत दोन बायका घ्या, अशी मागणी रिबकाबाईंनी केली आणि बोरखडीच्या चर्चचे पाचही पंच एकाएकी फार धार्मिक झाले.

रिबकाबाई चर्चची झाडलोट करीत, घंटाही त्याच वाजवीत. त्यांची तक्रार साधी होती. उन्हाळ्यात चर्चला चार पंखे मिळाले आणि चारही पुरुषांच्या बाजूला लागले. विचार करणारी डोकी तिकडे बसतात, ती लवकर तापतात, असं कमिटीनं एकमतानं ठरवलं होतं. एखादी बाई कमिटीत असती, तर निदान एकमत तरी झालं नसतं.

मुख्य पंच शांतवनराव त्रिभुवन यांनी शास्त्र उघडलं. बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं त्यात स्पष्ट आहे, पंचाला तर बोलावं लागतं, तेव्हा नाइलाज आहे, असं त्यांनी मोठ्या दुःखानं सांगितलं. प्रभू कबरेतून उठल्याची बातमी पहिल्यांदा बायकांनीच आणली होती, हे रिबकाबाईंनी सुचवून पाहिलं. ते चर्चच्या बाहेर घडलं, असा निकाल मिळाला.

"बाईच्या आवाजावाचून चर्चचं एक तरी काम अडतं का, ते दाखवा," शांतवनराव म्हणाले. "त्याच दिवशी तुम्हाला कमिटीत घेतो."

रिबकाबाई बरं म्हणाल्या आणि झाडायला निघून गेल्या. बाईला शास्त्र पटलं, असं पंचांना वाटलं.

पुढच्याच बुधवारी शांतवनरावांच्या अमोसचं लग्न होतं. नवरी सुवार्ता रिबकाबाईंची भाची, शाळेत शिक्षिका. लग्न लावणाऱ्या पाळकसाहेबांनी अमोसला विचारलं, हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का? तो हो म्हणाला. मग त्यांनी सुवार्ताला विचारलं. ती खाली बघत उभी राहिली. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. अमोसला घाम फुटला. मांडवातलं जेवण निवत चाललं.

शांतवनराव धावत पुढे आले आणि होणाऱ्या सुनेला हात जोडून बोल म्हणू लागले. मागच्या बाकावरून रिबकाबाई उठल्या.

"ती तुमचाच नियम पाळतेय, पंचसाहेब. गुणाची सून मिळाली तुम्हाला."

तिच्या वतीनं मीच हो म्हणतो, असं शांतवनरावांनी सुचवलं. तसं चालत नाही, पाळकसाहेब म्हणाले. लग्न तिचं आहे.

"तू प्रभूची आई होशील, हे सांगायला देवानं मरियेकडे दूत पाठवला, तेव्हा तिच्या वडिलांना विचारलं नाही, गावच्या पंचांनाही नाही," रिबकाबाई म्हणाल्या. "तिचा होकार तिच्याच तोंडून ऐकला, मगच दूत परत गेला. बाईच्या शब्दासाठी देव थांबला. तुम्हाला मात्र भारी घाई!"

शांतवनरावांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, चार पंचांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की उपरण्यानं डोळे पुसावे लागले. रिबकाबाई आजपासून कमिटीत, आणि दुसरी बाई त्याच निवडतील, असं त्यांनी तिथंच सर्वांसमोर जाहीर केलं.

त्यानंतर सुवार्ता "हो" म्हणाली. आचाऱ्यांनाही मांडवात ऐकू गेलं.