शेकरूताई आणि भीतीची भूक

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या उंबरावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. हा प्राणी जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारण्यातच त्याचा सगळा जन्म जातो. आपल्या गोष्टीतल्या शेकरूला जंगलात सगळे जण शेकरूताई म्हणत, म्हणून आपणही तसेच म्हणू.

शेकरूंची एक रीत असते. ती एकच घरटे बांधून थांबत नाहीत. वेगवेगळ्या झाडांवर काटक्या आणि पाने विणून गोल घरटी करून ठेवतात, तीही बारीक फांद्यांच्या टोकाला, म्हणजे जड शत्रू तिथवर पोचू नये. एका घरट्यावर संकट आले की आई पिल्लाला तोंडात धरते आणि दुसऱ्या घरट्यात नेऊन ठेवते. शेकरूताईनेही अशी दोन घरटी बांधली होती. एक उंबरावर आणि दुसरे ओढ्यापलीकडच्या गर्द हिरड्यावर.

एका सकाळी ती उंबराच्या शेंड्यावर ऊन खात बसली होती. तेवढ्यात मोरघारीने वरून झडप घातली. मोरघार हा डोक्यावर शेंडी असलेला मोठा शिकारी पक्षी. शेकरूताई कशीबशी पानांत शिरली. शेपटीचे चार केस तेवढे मोरघारीच्या नखांत गेले. पानांत लपलेली शेकरूताई लटलट कापत होती. समोर पिकलेल्या उंबरांचा घोस लगडला होता. तिने एक उंबर तोंडात टाकले. चावता चावता छातीतली धडधड जरा कमी झाली. म्हणून तिने दुसरे खाल्ले, मग आणखी खाल्ले.

त्या दिवसापासून तिला तशी सवयच लागली. आकाशात काही हलले की ती पानांत तोंड खुपसून खाऊ लागे. पोट भरलेले असले तरी खाई. वरून जाणारी कधी खरोखरच मोरघार असे, कधी नुसता कावळा असे, तर कधी ढगाची सावली असे. पण शेकरूताई वर बघतच नसे, त्यामुळे तिला हे कधी कळले नाही.

अशाने ती जाड होत गेली. मुलांनो, जाड असणे हा काही गुन्हा नव्हे. अस्वल जाड असते आणि मजेत असते. पण शेकरूला उड्या मारून जगायचे असते. शेकरूताईच्या वजनाने बारीक फांद्या वाकू लागल्या. तिने लांब उड्या सोडल्या, मग जवळच्याही सोडल्या. ती खोडाजवळच बसून राहू लागली.

वानरांना तर आयतीच करमणूक मिळाली. एक वानर ओरडे, "अरे, बघा बघा, उंबराला अजून एक खोड फुटलंय!"

दुसरे म्हणे, "ताई, त्या फांदीवर जाऊ नकोस बरं का. उद्या आम्हालाही बसायचंय तिच्यावर!"

शेकरूताई वरवर हसे. ती हसली की वानरांना वाटे, हिला काही लागत नाही. मग ती पानांत जाई आणि पुन्हा खाई.

पुढे तिला एक पिल्लू झाले. डोळे मिटलेले, मुठीएवढे पिल्लू. ते उंबरावरच्या घरट्यात तिच्या पोटाशी झोपे. शेकरूताईला फार आनंद झाला. पण मोरघार आता ओढ्याकाठच्या एका वाळक्या झाडावर येऊन बसू लागली होती, आणि उंबराची पानेही विरळ झाली होती. आज ना उद्या पिल्लाचे डोळे उघडतील. ते घरट्याबाहेर डोकावेल, फांदीवर येईल, आणि मोरघार त्याला उचलून नेईल. पिल्लाला त्याआधीच हिरड्यावरच्या घरट्यात न्यायला हवे होते. हिरडा इतका गर्द होता की मोरघारीला त्यात शिरताच आले नसते.

पण मध्ये ओढा होता. पलीकडे जायला एक लांब उडी लागत होती. शेकरूताई एकटीच फांदीच्या टोकाशी जाऊन बघायची. फांदी कलायची. खाली ओढ्यातले काळे खडक दिसायचे. ती मागे फिरायची.

"आजपासून काही खायचंच नाही!" एके दिवशी तिने ठरवले. काही दिवस ती नुसते पाणी प्यायली आणि साल कुरतडत बसली. अंग हलके झाले. फांदी कमी वाकू लागली. तिला वाटले, जमले! पण तिचे दूध आटले. पिल्लू रात्रंदिवस कुईकुई करू लागले. ते रडणे ऐकून ती इतकी घाबरली की एका संध्याकाळी उंबरांवर तुटून पडली आणि श्वास घेता येईना तोवर खात राहिली. थोड्याच दिवसांत ती होती तेवढी झाली. होती त्याहूनही जरा जास्तच झाली.

पानांत बसून ती रडत होती आणि खात होती. वरच्या सुकलेल्या फांदीवर एक म्हातारा सुतारपक्षी चोचीने टक टक करत होता. त्याने मान वाकडी करून खाली पाहिले.

"रडतेस की खातेस, ताई?"

"दोन्ही," शेकरूताई म्हणाली.

"मग चव काही कळत नसेल."

शेकरूताईला राग आला. "तुम्हाला काय होतंय बोलायला, सुतारकाका! दिवसभर खाता आणि तरी हे एवढेसे."

"दिवसभर खातो? अगं, दिवसभर ठोकतो. ठोकायचं आणि ऐकायचं. आत किडा असला तर आवाज वेगळा येतो. नसला तर पुढच्या फांदीवर जायचं. न ऐकता भोकं पाडत सुटलो असतो तर डोकं फुटलं असतं माझं."

"मला काय करायचंय त्याचं?"

"तूही ऐकून बघ की. खायच्या आधी पोटावर हात ठेव आणि विचार, कोण मागतंय?"

"पोटच मागणार! दुसरं कोण मागेल?"

"बघ तरी," म्हणून सुतारपक्षी पुन्हा आपल्या कामाला लागला.

दुपारी उंबरावरून एक सावली सरकली. शेकरूताईचा हात घोसाकडे गेला. मग तिला सुतारपक्ष्याचे बोलणे आठवले. तिने हात मागे घेतला आणि पोटावर ठेवला. पोट गच्च भरलेले होते. वर छाती मात्र ढोल वाजवल्यासारखी धडधडत होती.

"काका," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पोट नाही मागत. छाती मागतेय."

"छातीला उंबर कशाला? तिला काय हवंय ते विचार."

शेकरूताईने विचार केला. "मोरघार कुठं आहे ते तिला कळायला हवंय."

"मग वर बघ की!"

किती दिवसांत तिने अशी मान उचलून वर बघितले नव्हते. खोडाला घट्ट चिकटून तिने वर पाहिले. चोचीत काडी धरून एक कावळा घरट्याकडे चालला होता. शेकरूताईला हसू फुटले. इतके हसू फुटले की घरट्यातले पिल्लू जागे झाले.

तिथून तिचे शिकणे सुरू झाले. पोट मागत असले की ती पोटभर खाई. "लेकराला दूध पाजायचंय तुला," सुतारपक्ष्याने बजावले होते, "उपाशी राहिलीस तर याद राख." पण आता ती पानांत तोंड खुपसून खात नसे. एक उंबर तोंडात धरायचे, वरच्या दुबेळक्यात, म्हणजे दोन फांद्यांच्या बेचक्यात, जाऊन बसायचे, दोन्ही हातांत धरून आकाशाकडे नजर ठेवून चवीने खायचे, आणि दुसरे हवे असले तर पुन्हा खाली उतरायचे. कधी कधी दोन उंबरांतच ती तृप्त होई. पूर्वी हे तिच्या लक्षातही आले नसते.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. कधी कधी आकाश मोकळे असे, पोट भरलेले असे, तरीही खावेसे वाटे.

"आता काय करू, काका? सुटतच नाही."

"काही करू नकोस. बसून राहा त्या भुकेशेजारी. ती भूक पाहुणी आहे, मुक्कामाला नाही यायची."

शेकरूताई पिल्लाला चाटत बसे, शेपटी विंचरत बसे. थोड्या वेळाने बघावे तर ती भूक कधी निघून गेली ते कळलेलेही नसे. पण नेहमी असेच होई असे नाही. एकदा वानरांनी पिकलेला फणस फोडला. त्याचा वास साऱ्या रानात दरवळला. त्यात एक वानर म्हणाले, "ताईला नको देऊ रे, नाहीतर उंबर मुळासकट खाली यायचा!" शेकरूताई तशीच गेली आणि वानरांनी टाकलेले सगळे गरे खाऊन आली. परत आली ती मान खाली घालूनच.

"सगळं गेलं, काका. इतके दिवस केलं ते पाण्यात गेलं. आता काय, खाल्लं काय अन् न खाल्लं काय."

सुतारपक्षी म्हणाला, "माझंही भोक कधी चुकीच्या जागी पडतं. म्हणून काय मी ते झाड आडवं होईपर्यंत पोखरत बसतो? उडतो आणि पुढच्या फांदीवर ठोकतो. गरे गोड होते का?"

"होते," शेकरूताई हळूच म्हणाली.

"मग झालं तर. पुन्हा भूक लागली की विचार, कोण मागतंय. आज रडायला सुट्टी."

शेकरूताईने डोळे पुसले. आपल्याला शिक्षा झाली नाही याचेच तिला आश्चर्य वाटले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दुबेळक्यात बसून जेवली.

मग तिने उड्यांचा सराव धरला. आधी उंबराच्याच एका फांदीवरून दुसरीवर, मग शेजारच्या जांभळावर. कधी पाय घसरे, कधी ती नुसतीच लोंबकळे. वानरे हसत. त्या हसण्याने तिला अजून वाईट वाटे, पण आता ती वाईट वाटूनही खाली न बघता पुढची उडी मारी. अंग हळूहळू, अगदी हळूहळू हलके होत होते. काही दिवस तर काहीच फरक पडलेला दिसत नसे. तरी ती रोज एकदा जांभळावर जाऊन येई.

एका सकाळी ती दुबेळक्यात उंबर खात होती. पिल्लाचे डोळे उघडून थोडेच दिवस झाले होते. आज त्याने पहिल्यांदाच घरट्याबाहेर डोके काढले. आणि त्याच वेळी वानरे "खॅक् खॅक्" असे ओरडून शेंड्यावरून खाली पळाली.

शेकरूताईने वर पाहिले. या वेळी कावळा नव्हता. मोरघारच होती, पंख पसरून थेट उंबराच्या रोखाने येत होती.

शेकरूताईची छाती फुटायला आली. पानांत शिरावे, तोंडात कोंबत राहावे, डोळे मिटावेत, असे तिला फार वाटले. हातातले उंबर तोंडापर्यंत गेलेही. पण आपण घाबरलो आहोत, भुकेले नाही, हे तिला या वेळी लगेच कळले. तिने उंबर सोडून दिले. ती घरट्याकडे धावली, पिल्लाला आत ढकलले आणि स्वतः दारावर आडवी झाली. मोरघार वाऱ्यासारखी वरून गेली. घरट्याच्या काटक्या मोडल्या, पण नखांत काही आले नाही. वळून परत यायला तिला थोडा वेळ लागणार होता.

तेवढ्या वेळात शेकरूताईने पिल्लाला तोंडात धरले. पिल्लाने तिच्या मानेला मिठी मारली. ती फांदीवरून टोकाकडे धावत सुटली. फांदी वाकली. खाली खडक दिसले. तिने खडकांकडे पाहिले नाही, पलीकडच्या हिरड्याकडे पाहिले, आणि उडी मारली.

पुढचे पाय हिरड्याच्या पानांच्या झुबक्यात अडकले. मागचे पाय मोकळ्या हवेत राहिले. फांदी खाली गेली, आणखी खाली गेली, आणि थांबली. मोडली नाही. शेकरूताईने सगळा जोर लावून अंग वर ओढले आणि ती गर्द पानांत दिसेनाशी झाली. मोरघार ओढ्यावरून दोनदा फिरली आणि डोंगरापलीकडे निघून गेली.

हिरड्यावरच्या घरट्यात थंडगार सावली होती. पिल्लू दूध पिऊ लागले. शेकरूताईने एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की जणू कित्येक महिने तो तिने आत धरून ठेवला होता. तिचे सगळे अंग सैल पडले, आणि दूध पाजता पाजताच तिला गाढ झोप लागली.

दुपारी सुतारपक्षी तिथे येऊन टेकला. ती जागी झाल्यावर त्याने विचारले, "मग, किती बारीक झालीस ताई?"

"अगंबाई, ते बघायचं राहूनच गेलं!" शेकरूताई म्हणाली.

"आणि भीती? ती गेली का?"

"छे. ती येते. परवाही येईल. पण मी आता तिला खाऊ घालत नाही."

मुलांनो, शेकरूताई काही काडीसारखी झाली नाही. त्या रानातल्या बाकीच्या शेकरूंपेक्षा ती जराशी जाडच राहिली. पण पुन्हा ती खोडाजवळ बसून राहिली नाही. पुढच्या वर्षी उंबर लगडला, त्याच्या पुढच्या वर्षीही लगडला. ती हिरड्यावरून उंबरावर येई, भूक असेल तेवढे खाई आणि परत जाई. तिचे पिल्लू आता मोठे झाले होते. दोघे मायलेकरे ओढ्यावरून इकडून तिकडे उड्या मारत, आणि खाली पाणी प्यायला आलेली हरणे मान वर करून त्यांच्याकडे बघत राहत.

तात्पर्य : अंगाचे ओझे उपासाने चार दिवस उतरते, पण आत कोण मागते आहे हे शांतपणे ओळखायला जो शिकतो, आणि एकदा चुकल्यावर स्वतःला न रागावता पुन्हा सुरुवात करतो, त्याचे ओझे कायमचे हलके होते.