दोन हात कमी पडलेली नळी

घाटमाथ्यावरच्या एका गावात हिवाळा असा झोंबायचा की माणसे शेकोटीपुढून उठायला तयार नसत. त्या गावात रखमाजी नावाचा पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. हात मोठा सफाईचा. ‘रखमाजीचं माप कधी चुकत नाही,’ असे सगळे म्हणत. ऐकून ऐकून त्यालाही ते खरे वाटू लागले होते.

मधाचे व्यापारी सुभानशेट यांची लेक यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घर ऊबदार राहावे म्हणून शेटांनी माजघरातल्या जुन्या दगडी चुलीच्या पोटात नवी लोखंडी चूल बसवली. पण वरचे धुराडे फार जुने होते. त्याच्या दगडांचे सांधे सुटले होते. ठिणगी फटीत शिरली तर भिंतीतले लाकूड पेटायचे. म्हणून चुलीच्या तोंडापासून थेट छपराबाहेर जाणारी पत्र्याची नळी धुराड्याच्या आतून घालायची, असे ठरले. काम अर्थातच रखमाजीकडे आले.

त्याने छपरावर चढून धुराड्यात ओळंबा सोडला. ओळंबा टेकला, तेवढी दोरी मापली आणि नळी केली. नळी वरून आत सोडून त्याने खाली येऊन चुलीवर डोकावले. ओळंबा टेकला होता तो आतल्या एका दगडी टप्प्यावर. नळी चुलीच्या दोन हात वरच संपली होती!

दोन हातांचा तुकडा जोडणे काही अवघड नव्हते. पण शेट म्हणाले असते, ‘काय रखमाजी, माप चुकलं?’ आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. रखमाजीने इकडेतिकडे पाहिले. फट दिसू नये म्हणून पुढून पत्रा ठोकला, कडेने माती लिंपली आणि चूल पेटवली. धूर झकास वर गेला. शेटांनी पाठ थोपटली.

दुसऱ्याच दिवशी यमूला मुलगी झाली. बाळंतिणीची खोली त्याच भिंतीच्या पलीकडे होती.

तेव्हापासून रखमाजीच्या जिवाला घोर लागला. बायको भाकऱ्या करताना काटकी तडकली तरी तो दचके. सकाळी उठला की आधी शेटांच्या छपराकडे बघे. एकदा जाता जाता त्याने त्यांच्या भिंतीला बाहेरून हात लावून पाहिला. भिंत गरम होती. ‘चुलीची भिंत गरम नाही होणार तर काय गार होणार?’ असे त्याने स्वतःला समजावले. तरी पुढे जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिले.

चार दिवसांनी शेट वाटेत भेटले. “अरे रखमाजी, भिंतीत काहीतरी तडतडतं रे.”

“पत्रा तापला की वाजतोच, शेट,” रखमाजी म्हणाला. आणि घाईघाईने पुढे निघाला.

बाराव्या दिवशी बारसे होते. रखमाजीलाही आग्रहाचे बोलावणे आले. पाहुण्यांना ऊब मिळावी म्हणून चुलीत ओंडक्यांवर ओंडके घातले होते. माजघरात बसल्या बसल्या त्याला एक वास आला. चुलीतल्या जळणाचा नव्हता तो. आत कुठेतरी जुने, सुकलेले सागवान धुमसत होते. त्याने दारातून खोलीत पाहिले. बाळाचा पाळणा तुळईला टांगला होता, आणि त्या तुळईचे टोक धुराड्याच्या भिंतीत शिरले होते.

बायका बाळाला पाळण्यात घालायला निघाल्या. रखमाजी अर्धवट उठला. बोलावे तर भरल्या घरात अब्रू जाते. गप्प बसावे तर? त्या विचाराने मात्र त्याची वाचाच फुटली.

“थांबा! बाळाला पाळण्यात घालू नका! आधी सगळे बाहेर पडा!”

बाळ-बाळंतिणीला घेऊन सगळे अंगणात आले. रखमाजीने चुलीतला विस्तव बाहेर ओढला आणि पहारीने भिंत फोडली. तुळईचे टोक आतून कोळसा झाले होते. पाणी ओतताच ते चर्रकन वाजले. तो कोळसा ढासळून तुळई एका बाजूने खचली आणि रिकामा पाळणा दाणकन जमिनीवर आदळला.



“तुला कधीपासून ठाऊक होतं?” शेटांनी विचारले.

“पहिल्या दिवसापासून, शेट. माझं माप चुकलं होतं. सांगायची लाज वाटली.”

शेटांनी हात उगारला, पण तो तसाच खाली आला. यमूने बाळाला घट्ट छातीशी धरले होते. ती हळूच म्हणाली, “काका, अकरा रात्री मी हिला कुशीत घेऊन त्याच भिंतीला पाठ लावून निजले.”

एखादी थप्पड परवडली असती, असे रखमाजीला झाले.  पाहुण्यांच्या देखत अंगणातच बसून त्याने पत्रा कापला, वळवला आणि दोन हातांचा तुकडा तयार केला. बारशाची पंगत अजून बसलीही नव्हती.

तात्पर्य: चूक कबूल करण्याची लाज घटकाभराची असते, पण ती झाकून ठेवली, तर तिची आग दुसऱ्याच्या उशाशी धुमसत राहते.